दात कशानं घासता? : कागल तालुक्यातल्या एका इंटर्नशिपचा प्रकरण अभ्यास

आमच्या गृहभेटीच्या तक्त्यात तेवीस प्रश्न होते. सोळावा प्रश्न होता, ‘तंबाखूचे सेवन करता का?’ पाचव्या महिन्यातल्या एका वहिनींच्या नावापुढं मी त्याचं उत्तर ‘नाही’ असं लिहिलं. त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या आणि मीही नीट ऐकलं होतं. तरी ते उत्तर चूक होतं, आणि ते चूक आहे हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. हे प्रकरण त्या एका ‘नाही’चं आहे.

मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर शहरात वाढलेली. आठ आठवड्यांची इंटर्नशिप कागल तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. उपक्रम एकत्रित होता. समाजकार्याच्या आम्ही दोघी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या दोघी आणि दंतवैद्यकाचा एक इंटर्न असे पाच जण, आणि आमच्यावर देखरेखीला उपकेंद्राच्या सिस्टर व गावातल्या आशाताई. विषय होता गरोदर स्त्रियांमध्ये तंबाखूबद्दल आरोग्यशिक्षण. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी देत नाही. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि त्यांना कुणी ओळखेल असे तपशील बदलले आहेत.

गाव आणि तंबाखू

गाव वेदगंगेच्या खोऱ्यातलं. मुरगूडच्या एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि दोन्ही बाजूंच्या उसातून चालत जायचं. आज शिवारात उसाशिवाय फारसं काही दिसत नाही, पण साठी ओलांडलेली माणसं बोलायला बसली की तंबाखूचा विषय निघतोच. निपाणी इथून जवळ. राज्याच्या हद्दीत ती कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात गेली, पण सोयरिकी, बाजार, दवाखाना यांना हद्द कुठली? बिडीच्या तंबाखूची ती मोठी पेठ. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून 1981 साली शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवून आंदोलन केलं, ते इथल्या जुन्या माणसांना कालपरवासारखं आठवतं. या भागातल्या कितीतरी बायकांनी ऐन उमेदीची वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात घालवली आहेत.

हे मी आधी सांगते, कारण आम्ही जाताना यातलं काहीच लक्षात घेतलं नव्हतं. तंबाखू ही आमच्या लेखी वाईट सवय होती. त्या गावात ती आधी मजुरी होती, मग सवय झाली.

आणि सवय मुख्यतः मिशरीची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर टाकून ती काळी होईपर्यंत भाजतात, मग कुस्करून तिची पूड करतात. भाजताना असा ठसका उठतो की शेजारच्या घरातली पोरंसुद्धा खोकत बाहेर येतात. पूड एका छोट्या डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटावर चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायची. सुरुवात दात घासण्यानं होते. पुढं नुसती हिरडीला लावून बसायची तलफ लागते, आणि दिवसातून एकदाची ती तीनदा, पाचदा कधी होते ते लावणारीलाही कळत नाही. निकोटीन हिरडीच्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं. शिवाय भाजल्यामुळं, जळताना तयार होणारी काही कर्करोगकारक द्रव्यं त्या पुडीत उतरतात ती वेगळीच.

कायद्यानं यातलं काय पकडलं? दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. पाकिटबंद तंबाखूवर 2016 पासून 85 टक्के जागेवर चित्रासह इशारा छापावा लागतो, आणि पुढं त्यावर तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांकही आला. पण मिशरी घरात भाजली जाते. तंबाखू कागदाच्या पुडीत सुटी येते. त्या पुडीवर ना चित्र, ना इशारा, ना क्रमांक. ज्या बाईला याची सर्वांत जास्त गरज आहे तिच्या हातात ते पाकीट कधी पडतच नाही.

पहिला कार्यक्रम

दुसऱ्या आठवड्यात आम्ही समाजमंदिरात कार्यक्रम घेतला. प्रोजेक्टर कागलहून भाड्यानं आणला. तोंडाच्या कर्करोगाची छायाचित्रं, जबडा काढलेला माणूस, आकडेवारी. बायका चांगल्या जमल्या होत्या. तिसऱ्या चित्राला पदर तोंडावर गेले. पाचव्या चित्राला मागच्या रांगेतली एक मावशी उठून निघून गेली. कार्यक्रम संपल्यावर आशाताईंनी सांगितलं की तिची थोरली बहीण याच आजारानं गेली होती. शेवटच्या दिवसांत तिला पेजही गिळवत नव्हती. आम्ही तिला ते पुन्हा भिंतीवर मोठं करून दाखवलं.

बॅनर दिसेल असा फोटो निघाला, सह्यांचा कागद भरला आणि कॉलेजला अहवाल गेला. तिथून ‘लाभार्थी संख्या समाधानकारक’ असा शेरा आला. मला तो शेरा आजही खुपतो. आरोग्यशिक्षणाचं मोजमाप खोलीतली डोकी मोजून होणार असेल, तर त्या उठून गेलेल्या मावशीही आमच्या लाभार्थीच ठरल्या.

दुसरी अडचण आमची आमचीच होती. तीन शाखा एकत्र आल्या होत्या, पण वह्या तीन होत्या. नर्सिंगच्या मैत्रिणी वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहीत. दंतवैद्यकाचा मित्र हिरड्या आणि चट्टे नोंदवी. मी घरची परिस्थिती विचारत होते. मंगळवारी एक, गुरुवारी दुसरा, शनिवारी तिसरी. शेवटी एका वहिनींनी दारातच सुनावलं, ‘‘अवो, तुम्ही एकाच गावचं न्हवं का? मग एकमेकांस्नी इचारा की. मी किती येळा तेच तेच सांगू?’’ त्या रात्री आम्ही तिन्ही वह्या एकत्र ठेवून बसलो. एकाच बाईच्या वयाच्या तीन नोंदी तीन वेगळ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून एका बाईसाठी एकच कागद ठेवला आणि भेटीला दोघांनी मिळून जायचं ठरवलं. एकत्रित काम आमच्यापुरतं त्या दिवशी सुरू झालं. उपक्रमाच्या करारावर तारीख दीड महिना आधीची होती.

‘नाही’ कसं खोटं ठरलं

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस होता. गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, मुलांची वजनं, सगळं एकाच खोलीत. दंतवैद्यकाचा मित्र खिडकीच्या उजेडात टॉर्च घेऊन बसला होता. ‘नाही’ सांगितलेल्या त्या वहिनी समोर आल्या. वय पंचविशीच्या आसपास, दुसरी खेप. हिरड्यांच्या कडेला काळसर रेघ, खालचे दात मुळापाशी उघडे पडलेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कागदावरचं ‘नाही’ पाहिलं आणि त्यांना परत विचारलं.

‘‘वहिनी, तंबाखू?’’

‘‘मी कुठं तंबाखू खातो? गडी खात्यात तंबाखू.’’

मागं आशाताई मुलांची वजनं घेत होत्या. ताणकाट्याच्या झोळीतून पोर काढता काढता, मान न वळवता त्यांनी विचारलं, ‘‘दात कशानं घासतीस गं?’’

‘‘मिशरीनं. आणि कशानं घासणार?’’

‘‘दिसातनं किती येळा?’’

वहिनींनी बोटं मोडून सांगितलं. सकाळी उठल्यावर. परसाकडला जायच्या आधी. दुपारी भांडी झाल्यावर. चारला चहानंतर. रात्री अंथरुणावर पडताना. पाच वेळा.

मला त्या क्षणी शरम वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. माझी आजी कमरेच्या पिशवीत मिशरीची डबी ठेवायची. लहानपणी ती डबी उघडून मी शिंकत बसायची. आमच्या घरीही तिला कुणी तंबाखू म्हटलं नव्हतं. ‘आजी मिशरी लावते’ आणि ‘काका तंबाखू खातो’ ही दोन वेगळी वाक्यं होती. ती एकाच गोष्टीची आहेत हे मी पुस्तकात शिकले, आणि पुस्तकातला प्रश्न घेऊन गावात गेल्यावर विसरलेही.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 17 टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. त्या पाहणीत प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन विचारतात, म्हणून तो आकडा निघाला. आमच्या तक्त्यात पदार्थाचं नावच नव्हतं. त्या दिवशी आम्ही सोळावा प्रश्न खोडला आणि आशाताईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत तिथं लिहिला. मग ‘नाही’ असं उत्तर आलेल्या सगळ्या घरी पुन्हा गेलो. कितीतरी ‘नाही’ बदलले.

गरोदरपणातल्या मिशरीबद्दल आपल्याच राज्यातला चांगला अभ्यास आहे. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिशरीच लावत होत्या. इतर कारणं वेगळी काढल्यावरही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. 105 ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं. पण कमी वजनाच्या बाळाची रेषा अडीच किलोवर आहे, आणि ज्या आईचं बाळ मुळातच त्या रेषेच्या आसपास आहे तिच्यासाठी शंभर ग्रॅम म्हणजे रेषेच्या अलीकडं की पलीकडं एवढा फरक.

लाल गोळी आणि मिशरीची गाठ

यापुढचं काम सोपं असेल असं आम्हाला वाटलं. मिशरी म्हणजे तंबाखू हे सांगायचं, बाळाला काय होतं ते सांगायचं, वहिनी सोडतील. त्यांनी खरंच सोडली. पाचव्या दिवशी भेटीला गेलो तर चेहरा उतरलेला, डोकं दुखतंय, पोरावर विनाकारण खेकसणं. हे अपेक्षित होतं, निकोटीन सुटताना पहिला आठवडा अवघडच जातो. पण नर्सिंगच्या मैत्रिणीनं फळीवरची लोहाच्या गोळ्यांची पाकिटं खाली काढून मोजली आणि ती गप्प झाली. गेल्या काही दिवसांत एकही गोळी कमी झाली नव्हती.

आम्ही काही न बोलता चुलीपाशी बसलो. बऱ्याच वेळानं वहिनींनीच सांगितलं. लाल गोळी सुरू झाल्यापासून पोट साफ होत नव्हतं. मिशरी लावली की परसाकडला होतं, म्हणून ती वाढली, दोनदाची पाचदा झाली. आता मिशरी सोडली तर पोट दगडासारखं झालं, म्हणून गोळी बंद केली. त्यांच्या दृष्टीनं हे अगदी सरळ होतं. दोन्हीतलं एकच ठेवता येतं, आणि आम्ही मिशरी काढून घेतली होती.

मला या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा क्षण हाच वाटतो. गरोदरपणात आतड्यांची हालचाल मंदावते, लोहाच्या गोळीनं मलावरोध वाढतो आणि निकोटीन आतड्यांना चालना देतं. तिन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत, पण तीन वेगवेगळ्या शाखांच्या. गोळ्या मोजायचं नर्सिंगला सुचलं. हिरड्या दंतवैद्यकानं पाहिल्या. चुलीपाशी गप्प बसायचं मला शिकवलेलं होतं. तिघांपैकी एकटं कुणी गेलं असतं तर ‘मिशरी सुटली’ अशी नोंद करून आनंदानं परत आलं असतं. आणि 8.9 हिमोग्लोबिन असलेली बाई लोहाच्या गोळीविना राहिली असती.

आम्ही हे सिस्टरांना सांगितलं. 9 तारखेला, दर महिन्याच्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, वहिनींना केंद्रात नेलं. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तपासलं आणि शौचासाठी काय द्यायचं ते त्यांनी ठरवलं. ते आमचं काम नव्हतं. आमच्या वाट्याला बाकीचं आलं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी. जेवणात पालेभाजी, परड्यातल्या झाडाचे पेरू, दुपारी ताक. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचं नाही, ते लोहामुळं होतं, हेही सांगितलं. ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मिशरीसाठी आम्ही एकदम बंदचा हट्ट सोडला. पूर्ण सोडणंच बाळासाठी बरं, हे त्यांना स्पष्ट सांगितलं, पण वाट त्यांनी ठरवली. आधी दुपारची जाईल, मग चारची, मग झोपतानाची. तलफ आली की तोंडात भाजलेलं जवस किंवा बडीशेप. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ज्या दिवशी जितक्या वेळा लावली तितक्या काड्या. गरोदरपणात निकोटीनची च्युइंगम वगैरे सुचवायचं नाही, समुपदेशनावरच भर द्यायचा, हे मॅडमनी आम्हाला बजावलं होतं.

आक्का

घरात मिशरी भाजत होत्या सासूबाई, सगळे त्यांना आक्का म्हणतात. सुनेला पहिली चिमूटही त्यांनीच दिली होती, बाळंतपणानंतर दाढ दुखत होती म्हणून. आम्ही येताना दिसलो की आक्का परड्यात निघून जात. त्यांना वाटत होतं की आम्ही त्यांच्यावर खापर फोडायला येतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन भेटींत आमचं बोलणं तसंच होतं.

पाचव्या आठवड्यात मी एकटीच गेले आणि त्यांच्याशेजारी शेंगा फोडत बसले. मिशरीचं नाव काढलं नाही, वखारीबद्दल विचारलं. आक्का तासभर बोलल्या. पहाटे भाकरी बांधून चालत जायचं. चाळताना तोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळी थुंकी तपकिरी. जेवणाच्या सुट्टीत वास डोक्यात बसायचा, भाकरी नकोशी व्हायची, मग सगळ्याजणी चिमूट लावायच्या. ‘‘बारा वर्सं चाळलो बघ. त्या पैशानं ह्या घरावर पत्रं चढलं. आन आता तुम्ही म्हनतासा तंबाखू वंगाळ.’’

मी म्हटलं, ‘‘आक्का, तुमच्या कष्टाला कोण वंगाळ म्हणतंय? पण तो खोकला तुम्ही वखारीतनं आणला, तो नातवंडाला कशाला द्यायचा?’’

त्या काही बोलल्या नाहीत. शेंगा फोडत राहिल्या. पुढच्या गुरुवारी आशाताईंनी सांगितलं की आक्कांनी भाजायचा तवा घरातून उचलून परड्यातल्या गोठ्यामागं नेला. त्यांनी स्वतः सोडली नाही. सोडतील असंही मला वाटत नाही. पण सुनेनं मागितली तर डबी पुढं करणं त्यांनी थांबवलं.

माझ्या हातून झालेली चूक

सहाव्या आठवड्यात काड्या दोनवर आल्या होत्या. मी इतकी खूश होते की अंगणवाडीतल्या बैठकीत सगळ्यांसमोर त्या वहिनींचं कौतुक केलं. नाव घेतलं नाही, पण ‘आपल्यातल्याच एक ताई, सहावा महिना’ एवढं बोलले. त्या गावात तेव्हा सहाव्या महिन्यात दोनच बायका होत्या. दुपारपर्यंत बातमी त्यांच्या नवऱ्याच्या कानावर गेली. बायको दिवसातून पाच वेळा लावत होती हे त्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर दार उघडलं नाही. दिनदर्शिकेवर पुढं पाच दिवस पाच-पाच काड्या होत्या, हे मला नंतर दिसलं.

मी आशाताईंजवळ रडले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. म्हणाल्या, ‘‘तुमी दोन आठवड्यांनी जाणार. मला इथंच ऱ्हायचंय, तिलाबी इथंच ऱ्हायचंय. गावात बाईचं चांगलं बोलताना सुद्धा इचारून बोलायचं असतंय.’’ मग त्या स्वतः त्यांच्या घरी गेल्या, नवऱ्याशी बोलल्या आणि दोन दिवसांनी मला सोबत घेऊन गेल्या. मी वहिनींची माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. गोपनीयतेवर मी पहिल्या वर्षी दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते.

आठवा आठवडा

आम्ही निघालो तेव्हा वहिनी दिवसातून एकदा, सकाळीच लावत होत्या. मधले काही दिवस अजिबात नाही. लोहाची गोळी नियमित सुरू होती, हिमोग्लोबिन 9.8 वर आलं होतं. गरोदरपणात ते 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, तेव्हा अजून पल्ला बाकी होता. यातलं किती गोळीमुळं, किती खाण्यामुळं आणि किती आमच्यामुळं, हे वेगळं काढता येणार नाही, आणि एका बाईवरून तसा दावा करणं चूक आहे. बाकीच्या घरांत काहींनी कमी केली, काहींनी आम्हाला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलं असेल. पाठपुराव्याची वही आशाताईंकडं आहे. त्यांच्याकडं अशा आणखी कितीतरी वह्या आहेत आणि तंबाखूच्या वहीसाठी वेगळा मोबदला नाही. एकत्रित उपक्रमांमध्ये विद्यार्थी येतात, शिकतात, प्रमाणपत्र घेऊन जातात, आणि उरलेलं काम सर्वांत कमी मानधनाच्या बाईच्या पिशवीत जातं. माझ्या अहवालात मी हे लिहिलं. मार्गदर्शकांनी ते ‘विषयाबाहेरचं’ म्हणून काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला उपकेंद्रात गेलो. सिस्टर एका नव्या मुलीची गरोदरपणाची नोंदणी करत होत्या, पहिलटकरीण, सोबत तिची आई. वजन झालं, रक्तदाब झाला, पाळीची तारीख लिहिली. मग सिस्टरांनी पेन थांबवलं.

‘‘दात कशानं घासतेस गं?’’

मुलीनं आईकडं पाहिलं. आईनं हळूच हात कमरेच्या पिशवीवर ठेवला.

‘‘बसा,’’ सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी खुर्ची पुढं ओढली.